चारच्या आधी नाही

नेव्हिल हॅरप मला माणूस म्हणून कधीच फारसा आवडला नाही, हे आधीच सांगून टाकते. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. पण तो जिवंत असतानाही मी हेच बोलत होते, तेही त्याच्या तोंडावर, त्यामुळे आता जीभ आवरण्यात अर्थ नाही.

आमचं कॅरव्हॅनवाल्यांचं, म्हणजे गाडीमागे चाकांचं घर ओढत फिरणाऱ्यांचं, मंडळ त्याने काढलं, आणि मंडळाचे नियमही त्यानेच केले. आमचे मेळावे शेतकऱ्याच्या कुरणात भरतात. कोपऱ्यात एक पाण्याचा नळ, कुंपणापाशी संडासाचे डबे रिकामे करायचा खड्डा, बाकी सगळं मेंढ्यांचं. वीज जोडून घ्यायचा खांब नाही. ‘‘ज्याला खांब हवा त्याने पैसे भरून साइटवर जावं, तिथे बिंगोही खेळायला मिळेल,’’ असं नेव्हिल नाक वर करून म्हणायचा. आम्ही आमची वीज आमच्याबरोबर घेऊन येतो. छपरावर सोलरची पाटी, पलंगाखाली बॅटरी, पुढच्या खणात गॅसचे सिलिंडर. ज्याला त्यात भागत नाही त्याने जनरेटर लावावा, पण सकाळी दहा ते बारा आणि दुपारी चार ते सहा. एरवी कुरणात फक्त मेंढ्यांचा आवाज ऐकू आला पाहिजे.

हा नियम नेव्हिलने किती कडक पाळायला लावला ते मी पाहिलंय. फार वर्षांपूर्वी एक नवं जोडपं तान्हं मूल घेऊन आलं होतं. आमच्या यॉर्कशरच्या डोंगरात थंडी पडली की निळ्या सिलिंडरातला गॅस वर येत नाही, त्यासाठी लाल सिलिंडर आणावा लागतो. त्या बिचाऱ्यांना हे कुणी सांगितलंच नव्हतं. बाळ भुकेने टाहो फोडतंय, शेगडी पेटत नाही, म्हणून त्या पोराने विजेच्या किटलीसाठी पहाटे जनरेटर सुरू केला. नेव्हिल पायजम्यावर कोट आणि डोक्यावर टोपी घालून तरातरा गेला आणि म्हणाला, ‘‘दहाच्या आधी नाही.’’ दूध आमच्याकडे तापवून मिळालं असतं, त्याच्याकडेही मिळालं असतं, पण त्याने आधी नियम सांगितला. ते जोडपं तासाभरात गाडीला कॅरव्हॅन जोडून निघून गेलं. ती पोरगी, बाळाची आई, रडत होती. त्या दिवशी मी त्याला ‘दगड’ म्हटलं, आणि तो म्हणाला, ‘‘दगडाच्याच खाणीत काम करतो मी, आयरीन.’’

त्या खाणीनेच पुढे त्याची फुफ्फुसं खाल्ली. दोन वर्षांपूर्वी त्याच्या नाकात नळी आली. पलंगापाशी बॅगेएवढं यंत्र. ते हवेतला प्राणवायू गाळून नळीतून सोडतं आणि दिवसभर घुरघुरत राहतं. त्याच्याशिवाय नेव्हिल खुर्चीतून उठून दारापर्यंत गेला तरी ओठ निळे पडायचे. यंत्राला वीज लागते, आणि बरीच लागते. म्हणजे आता त्याचा श्वास वायरीला टांगलेला होता, हे त्याच्या बायकोला, मेव्हिसला, माहीत होतं, आम्हाला माहीत होतं, आणि सगळ्यांत जास्त त्याला स्वतःला.

तरीही मार्चच्या पहिल्या मेळाव्याला तो आला. मंडळाला पन्नास वर्षं झाली होती, रविवारी दुपारी सगळ्यांचं एकत्र जेवण होतं, आणि हंगामाचा पहिला मेळावा त्याने आजवर एकदाही चुकवला नव्हता. गाडी मेव्हिसने चालवली. ती साडेचार फुटांची, स्टिअरिंगमागून फक्त तिचे पांढरे केस दिसायचे. रेमंड आता मंडळाचा प्रमुख, शेतात कोण कुठे उभं राहील ते ठरवणारा. त्याने त्यांना फाटकाजवळची सपाट जागा दिली, आमच्या शेजारीच.

‘‘खांब असलेल्या साइटवर राहून जेवणापुरतं येता आलं नसतं का रे?’’ माझ्या नवऱ्याने, कीथने, त्याला उतरल्या उतरल्या विचारलं.

‘‘पाहुणा म्हणून?’’ नेव्हिल म्हणाला. ‘‘माझ्याच मंडळात?’’

त्याने हिशेब मात्र चोख केला होता. एकाऐवजी तीन बॅटऱ्या, त्यावर इन्व्हर्टरची एक दांडगी पेटी, बॅटरी उतरली की ओरडणारी, आणि त्या पेटीला एकच यंत्र, श्वासाचं. ठरलेल्या वेळेत जनरेटर लावून बॅटऱ्या भरायच्या, बाकीचा वेळ त्यावर काढायचा. अडीनडीला एक छोटा ऑक्सिजनचा सिलिंडर. ‘‘रात्र निघून वर उरेल,’’ असं त्याने कीथला दाखवलं, आणि कीथलाही त्यात खोट सापडली नाही. खोट नव्हतीच. हिशेबात फक्त मेव्हिसची माया धरलेली नव्हती.

शनिवारी सकाळी मी चहाचं पाणी ठेवत होते तेव्हा मेव्हिस दारात उभी राहिली. अंगावर कोट, पायांत दोन वेगवेगळ्या चपला.

‘‘कीथला जरा पाठवतेस का गं? ती पेटी ओरडून ओरडून गप्प झालीय.’’

कीथ तसाच धावला, मागोमाग मी. नेव्हिल उशांना टेकून बसला होता. यंत्र बंद होतं आणि नळी छोट्या सिलिंडरला लावलेली होती. कॅरव्हॅनमध्ये आमच्या फ्रिजपेक्षा जास्त गारठा होता. कीथने पलंगाखाली डोकं घातलं आणि बराच वेळ बाहेर काढलं नाही.

‘‘मेव्हिस,’’ शेवटी तो हळूच म्हणाला, ‘‘ही नारिंगी केबल इन्व्हर्टरला कुणी लावली?’’

‘‘मीच रे. रात्री त्याचे पाय बर्फासारखे झाले होते. विजेचं ब्लँकेट घालावं म्हटलं, पण भिंतीतल्या सॉकेटला वीजच नाही. ही केबल खांबाला लावली की सॉकेट चालू होतात ना? खांब नाही, म्हणून पेटीला लावली. आणि लागले की सगळे दिवे!’’ शेवटचं वाक्य बोलताना तिच्या चेहऱ्यावर रात्रीचा आनंद क्षणभर परत आला. मग आमच्याकडे बघून विझला.

झालं होतं ते असं. केबल लावताच कॅरव्हॅनला वाटलं, आपण खांबाला जोडलो गेलो. बॅटऱ्या भरणारा चार्जर जागा झाला आणि बॅटऱ्यांचीच वीज घेऊन बॅटऱ्याच भरत बसला. गॅसवर चालणारा फ्रिज, तोही विजेवर आला. आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय, अशी गत. उजाडेपर्यंत तिन्ही बॅटऱ्या रिकाम्या. गॅसचे सिलिंडर काठोकाठ भरलेले होते, पण आताच्या हीटरला पेटायला आणि पंखा फिरवायला बॅटरी लागते, म्हणून तोही गार पडलेला. नवरा उबेत राहावा म्हणून बाईने काय केलं, आणि झालं काय!

‘‘माझ्या हातून मेला असतास तू,’’ मेव्हिस म्हणाली आणि तोंडावर हात घेतला.

‘‘कुणी मेलेलं नाही,’’ नेव्हिल म्हणाला. एका वाक्याला त्याला दोन श्वास लागत होते. ‘‘रडू नकोस. पण आता मी सांगितल्याशिवाय... कशालाही हात लावायचा नाही. कळलं?’’

‘‘कळलं.’’

‘‘कशालाही.’’

‘‘नाही लावणार रे. देवाशपथ नाही लावणार.’’

मी म्हटलं, ‘‘पुरे झालं नाटक. कीथ, जनरेटर सुरू कर.’’

नेव्हिलने हात वर केला. ‘‘दहा वाजू देत.’’

मी त्याला जे म्हटलं ते इथे लिहीत नाही. पण कीथने जनरेटरला हात लावला नाही. आमच्या माणसांची ही एक खोड आहे. दुसऱ्याच्या दारातली वस्तू त्याच्या परवानगीशिवाय हलवायची नाही, घर जळत असलं तरी आधी दार वाजवायचं. सिलिंडर हळूहळू संपत होता आणि आम्ही सगळे घड्याळाकडे बघत बसलो. दहा वाजले तेव्हा कीथने दोरी ओढली, यंत्र घुरघुरायला लागलं, आणि मेव्हिस इतकी हसली की मला तिच्याकडे बघवेना.

शनिवारी सकाळी रेमंडच्या तंबूत सगळ्यांनी कॉफी घ्यायची पद्धत आहे. मी कप हातात न घेता मध्ये उभी राहिले. म्हटलं, ‘‘दोन तासांत तीन बॅटऱ्या भरत नाहीत. आभाळ भरलंय, सोलरची पाटी म्हणजे नुसतं झाकण झालंय. नेव्हिलचा जनरेटर आज दिवसभर आणि रात्रभर चालू राहील. कुणाची हरकत असेल तर आत्ता बोला, मागून कुजबुज नको.’’

कुणाचीच नव्हती. सगळ्यांनी हात वर केले, अगदी त्या नव्या मोठ्या मोटरहोमवाल्यानेही, ज्याच्याकडे भांडी धुवायचंसुद्धा यंत्र आहे. रेमंडचा जीव भांड्यात पडला. तो तसाच कप घेऊन नेव्हिलला सांगायला गेला, आणि मी त्याच्याबरोबर गेले, कारण रेमंडचा कणा मऊ आहे हे मला माहीत होतं.

‘‘एकमताने झालंय, नेव्हिल,’’ रेमंड म्हणाला. ‘‘कुणालाच त्रास नाही.’’

‘‘तसं तोंडावर म्हणतातच,’’ नेव्हिल म्हणाला. यंत्र चालू असल्यामुळे त्याचा आवाज आता नेहमीसारखा झाला होता. ‘‘ज्याला त्रास होतो तोच पहिला म्हणतो, मला काही त्रास नाही. मीसुद्धा म्हणायचो.’’

‘‘अरे, पण तुझ्या श्वासाचा प्रश्न आहे!’’

‘‘त्या पोरीच्या बाळाच्या दुधाचा प्रश्न होता.’’

रेमंडला काही कळलं नाही, तो तेव्हा मंडळात नव्हता. मला कळलं. इतकी वर्षं मला वाटत होतं की हा माणूस ते विसरला. तो काहीच विसरला नव्हता.

‘‘तान्ह्या बाळाला मी दहापर्यंत थांबायला लावलं,’’ नेव्हिल म्हणाला, ‘‘आणि आता स्वतःची वेळ आली म्हणून नियम गुंडाळून ठेवू? मग त्या दिवशी मी काय होतो? नुसताच दुष्ट ना?’’

‘‘होतासच दुष्ट,’’ मी म्हटलं. ‘‘ते आता मरून निस्तरणार आहेस का? तुझ्या नियमापायी मेव्हिसला विधवा करशील.’’

‘‘आयरीन, माझ्या अंगात आता एवढंच उरलंय. बाकी सगळं खाणीने नेलं.’’ तो माझ्याकडे बघत हसला, आणि मला पहिल्यांदाच त्याची दया आली. राग गेला नाही, पण दया आली.

कीथने मग आमची बॅटरी काढून आणली. ‘‘तुमचा हीटर कशावर चालेल?’’ नेव्हिलने विचारलं. ‘‘आम्ही दोन पांघरुणं जास्त घेऊ,’’ कीथ म्हणाला. ‘‘मग नको.’’ खाली गावात खांब असलेली साइट होती, तिथे नेऊन सोडतो म्हटलं, तर, ‘‘उद्याचं जेवण झालं की लगेच जाऊ, शब्द देतो.’’ शुद्धीत असलेल्या माणसाला उचलून नेता येत नाही. मी मेव्हिसला बाजूला घेऊन म्हटलं, ‘‘तू सांग ना त्याला!’’ ती म्हणाली, ‘‘मी काय सांगू गं? रात्री मीच तर...’’ ती केबल तिच्या छातीवर धोंड होऊन बसली होती.

बाराच्या ठोक्याला त्याने मेव्हिसला जनरेटर बंद करायला सांगितला. तिने केला. बॅटऱ्या अर्ध्यासुद्धा भरल्या नव्हत्या. त्याने दिवे, पाण्याचा पंप, हीटर, सगळं बंद करायला लावलं, म्हणजे असेल ती वीज यंत्राला मिळेल. अंगावर चार पांघरुणं घेऊन चारची वाट बघत पडून राहायचं, असा त्याचा बेत होता. ‘‘नुसता पडून राहणार, मग हवा कितीशी लागणार?’’ असं तो कीथला म्हणाला. कीथने छोट्या सिलिंडरवरचा काटा पाहिला. त्यात फारसं काही उरलं नव्हतं.

दुपारी पाऊस आणि बर्फ एकत्र पडायला लागलं. सगळे आपापल्या कॅरव्हॅनमध्ये शिरले. कुरण चिडीचूप झालं, नेव्हिलला आवडायचं तसं. मी सूप ढवळत होते, मधूनमधून खिडकीतून शेजारी बघत होते. पडदे ओढलेले होते, काही दिसत नव्हतं. दोनदा जाऊन आले होते. पहिल्यांदा तो म्हणाला, ‘‘अजून जिवंत आहे, उगाच आशा धरू नकोस.’’ दुसऱ्यांदा झोपला होता आणि यंत्र घुरघुरत होतं. मेव्हिस त्याचे पाय मांडीवर घेऊन चोळत बसली होती.

तिसऱ्यांदा खिडकीतून पाहिलं तेव्हा मेव्हिस बाहेर होती.

ती जनरेटरपाशी उभी होती. डोक्यावर काही नाही, केस कपाळाला चिकटलेले, बर्फाचे ओले तुकडे खांद्यांवर साचलेले. उजव्या हातात जनरेटरची दोरी होती. दोरी ताणलेली होती, पण ती ओढत नव्हती. डाव्या हाताची बाही तिने वर केली होती आणि मनगटावरच्या घड्याळाकडे एकटक बघत होती.

मी सूप तसंच टाकून पायांत काही न घालता धावले. ‘‘मेव्हिस! काय करतेयस?’’

‘‘पेटी परत ओरडली गं,’’ ती म्हणाली. तिचे दात वाजत होते. ‘‘मग यंत्र बंद पडलं. सिलिंडरही संपला.’’

‘‘मग ओढ ना ती दोरी!’’

‘‘मी विचारलं त्याला. तो म्हणाला, चारच्या आधी नाही.’’ तिने घड्याळ माझ्यापुढे धरलं. ‘‘हे बघ, आता थोडाच वेळ राहिलाय. मी आधीच हातात धरून ठेवलीय, म्हणजे चार वाजले की लगेच...’’

‘‘कधी विचारलंस? कधी, मेव्हिस?’’

‘‘मघाशी. परत विचारायला गेले तर बोलला नाही. झोपलाय.’’

मी तिच्या हातातून दोरी हिसकावली. हो, हिसकावली, मेव्हिस चिखलात पडली, आणि मी दोरी ओढली. दोनदा इंजिन नुसतंच खोकलं. तिसऱ्यांदा जनरेटर धडधडत सुरू झाला, आणि त्या शांत कुरणात तो आवाज इतका मोठा वाटला की आजूबाजूचे पडदे एकेक करत सरकले. मी आत धावले. यंत्रही घुरघुरायला लागलं होतं. नेव्हिलच्या नाकातली नळी नीट लावलेली होती, मेव्हिसने त्याचे केससुद्धा विंचरले होते. ओठ पाटीच्या दगडाच्या रंगाचे. नळीतून हवा येत होती आणि ती घ्यायला कुणी नव्हतं.

कीथ आला. त्याने नेव्हिलला खाली जमिनीवर ओढलं आणि दोन्ही हातांनी छाती दाबायला लागला. मी ॲम्ब्युलन्सला फोन लावला. फोनवरची पोरगी पत्ता विचारत होती आणि मला शेताचं नाव आठवेना, पन्नास वेळा आलेल्या शेताचं.

दारात रेमंड दिसला. पावसातून चालत आला होता, छत्री घेऊन. त्याने आधी जनरेटरकडे पाहिलं, मग मनगटावर. सवयीने पाहिलं असेल, त्याच्या मनात काही नसेल, मला माहीत आहे. पण त्या क्षणी मी त्याच्या हातातली छत्री घेऊन त्याच्याच डोक्यात घालणार होते. मग त्याला आत जमिनीवरचं दृश्य दिसलं आणि त्याने छत्री मिटली. तो तसाच भिजत उभा राहिला.

ॲम्ब्युलन्स डोंगर चढून यायला वेळ लागला. तोपर्यंत सगळं मंडळ गोळा झालं होतं, रेनकोट घालून, हात खिशात घालून. सगळे अर्धवर्तुळात उभे. कुणी मेव्हिसच्या खांद्यावर घोंगडी टाकली, कुणी तिच्या हातात चहाचा कप दिला. ती कप धरून उभी होती. तिने प्यायला नाही, सांडूही दिला नाही. ॲम्ब्युलन्समधल्या बाईने आत थोडा वेळ प्रयत्न केले, मग कीथला ‘‘थांबा आता’’ असं म्हणालेलं मी ऐकलं. ती बाहेर आली, मेव्हिसपुढे वाकली आणि हळू आवाजात सांगितलं.

मेव्हिसने मान हलवली. जणू दुकानदाराने साखर संपली म्हणून सांगावं, तशी. मग ती रेमंडकडे वळली.

‘‘आवाजाबद्दल माफ कर हं, रेमंड,’’ ती म्हणाली. ‘‘चारला अजून वेळ होता.’’

‘‘अगं, नाही गं,’’ रेमंड म्हणाला. ‘‘कुणालाच त्रास झाला नाही.’’

कुणालाच! मला किंचाळावंसं वाटलं. त्या अर्धवर्तुळात उभी असलेली सगळी भली माणसं, हात वर करून संमती देणारी, पांघरुणं आणि चहा घेऊन येणारी, आणि त्यांच्यात मीही. आमच्यापैकी एकानेही सकाळी जाऊन ती दोरी ओढली नाही आणि जनरेटरपुढे ठाण मांडून ‘‘आता बोंबल’’ असं त्या म्हाताऱ्याला सांगितलं नाही. शिष्टाचाराने माणूस मरतो, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं.

जनरेटर धडधडतच होता. त्याच्या आवाजात पुढचं बोलणं कुणालाच धड ऐकू येत नव्हतं. मेव्हिसने कप खाली गवतावर ठेवला आणि जनरेटरपाशी गेली. बटणापर्यंत हात नेला आणि थांबली. मग कॅरव्हॅनच्या उघड्या दाराकडे बघत जरा मोठ्याने, आत ऐकू जाईल अशा बेताने, म्हणाली, ‘‘बंद करू का आता?’’

हात तसाच ठेवून ती उत्तराची वाट बघत राहिली.